प्रादेशिक बातम्या : एका वृत्तनिवेदकाच्या निवृत्तीनिमित्त

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत त्या त्या वर्षी सेवानिवृत्त झालेल्या ज्ञातिबांधवांचा परिचय देण्याचा प्रघात आहे. अभियंते, डॉक्टर, मामलेदार कचेरीतील अधिकारी, बँकांचे व्यवस्थापक आणि आमच्यासारखे शाळामास्तर यांचे परिचय वाचकांनी आजवर पुष्कळ वाचले. या खेपेस संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविलेला परिचय निराळ्या प्रकारचा आहे. आमचे एक बालस्नेही महाराष्ट्रातील एका आकाशवाणी केंद्रावर १९८६ पासून मराठी प्रादेशिक बातम्या वाचत होते. वयोमानाप्रमाणे आवाज थकला, तेव्हा त्यांनी आपण होऊन हे काम थांबविले. त्यांच्यावर चार शब्द लिहावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली.

आम्ही त्यांच्या घरी गेलो तो त्यांनी एक अट घातली. लेखात त्यांचे नाव येता कामा नये आणि केंद्राचेही येता कामा नये, कारण केंद्र कळले की माणूस ओळखू येतो. ज्या गृहस्थांचे नाव छत्तीस वर्षे सकाळच्या प्रहरी हजारो घरांत ऐकू येत होते, त्यांनी अशी अट घालावी याचे आम्हांस नवल वाटले. तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, बातमीपत्राच्या आरंभी नाव सांगायचे ते जबाबदारी घेण्यासाठी. बातमी चुकली तर कोणाला धरायचे हे ऐकणाऱ्याला कळावे म्हणून. सत्कारासाठी ते नाव नाही." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून त्यांच्या व्यक्तिचरित्राऐवजी त्यांच्या व्यवसायाचा वृत्तान्त आणि त्या ओघात त्यांचे जेवढे येईल तेवढे, असा हा लेख आम्ही योजिला आहे.

आपल्या देशात नभोवाणीचा रीतसर प्रारंभ मुंबईसच झाला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. कंपनी खाजगी होती. यंत्रे महाग, ऐकणारे थोडे आणि परवान्याचे उत्पन्न त्याहून थोडे, या कारणांनी तीन वर्षांच्या आत तिचे दिवाळे वाजले आणि १९३० साली सरकारने तो कारभार आपल्याकडे घेतला. १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. 'आकाशवाणी' हा शब्द त्याच सुमारास म्हैसूर येथे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या छोट्या केंद्रासाठी योजिला होता. पुढे १९५७ साली साऱ्या देशाच्या नभोवाणीने तो स्वीकारला. दक्षिणेकडून आलेला हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरला आहे, की तो पुराणांतून थेट आपल्याकडेच उतरला असे कोणासही वाटावे.

सरकारी नभोवाणीवर सरकारला अडचणीची बातमी ऐकू येत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालविला तो याच कारणाने. जागा बदलत बदलत सुमारे तीन महिने तो चालला आणि नोव्हेंबरात पोलिसांनी पकडला. आपल्या विदर्भातील चिमूर आणि आष्टी येथील अत्याचारांच्या वार्ता वर्तमानपत्रांना छापता येत नव्हत्या, त्या या रेडिओने लोकांच्या कानी घातल्या. आमच्या मते या भूमीवरील बातमी-निवेदनाच्या इतिहासात त्या बाईंचे नाव पहिल्या ओळीत यावयास हवे. शालेय पुस्तकांत ते क्रांतिकारकांच्या यादीत येते आणि तेथेच थांबते.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्यास आलेल्या सहा केंद्रांत मराठी मुलखातले केंद्र मुंबई हे एकच होते. १९४८ साली नागपूर, १९५३ च्या गांधीजयंतीस पुणे आणि १९६३ साली सांगली, अशी पुढची केंद्रे निघाली. बातम्या मात्र बहुतांशी दिल्लीहून येत. दिल्लीच्या बातमीपत्रात पंतप्रधानांचे भाषण असे, परराष्ट्रांचे तंटे असत. पण कोणत्या नदीला पूर आला, कोणता घाट बंद झाला, कापसाला काय भाव निघाला, हे त्यात कोठून येणार? ही उणीव भरून काढण्यासाठी १९५३ साली नागपूर आणि लखनौ येथे प्रादेशिक वृत्तविभाग स्थापन झाले. या आरंभाच्या दोन ठिकाणांत आपले नागपूर होते, याचा यथोचित अभिमान बाळगावयास हरकत नाही. पाठोपाठ १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. दीडशे गावांत मंडळी जमून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. ऐकणाऱ्यानेही उलट विचारावे, ही रीत खेड्यापाड्यांत रुजली ती तेव्हा.

प्रादेशिक बातमी म्हणजे काय हे आम्हांस शाळेत कोणी शिकविले नाही. ते आम्ही नऊ वर्षांचे असताना एका सकाळी समजलो. आमचे गाव कऱ्हाडच्या वरच्या अंगास, कोयनेच्या काठी. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला. कोयनानगर आणि आसपासचा मुलूख उद्ध्वस्त झाला, पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली, वीजघर बंद पडून मुंबईपर्यंत अंधार झाला. हे सारे आकडे पुढे कळले. त्या पहाटे आमच्या गावाला एवढेच ठाऊक होते की जमीन हलली आहे आणि वरच्या अंगास धरण आहे.

येथे वाचकांनी ध्यानात घ्यावे, की त्यापूर्वी साडेसहा वर्षे, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले होते आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडून पुण्याचा नदीकाठ वाहून नेला होता. धरण फुटते म्हणजे काय होते हे महाराष्ट्राने पाहिले होते. आमच्या गावात पुण्याहून संसार गुंडाळून परत आलेली दोन घरे होती. त्यामुळे "कोयना फुटली" अशी हाकाटी उठताच कोणी विचारीत बसले नाही. बायका पोरे काखोटीस मारून टेकाडाकडे धावल्या, म्हातारी माणसे पाठुंगळीस घेतली गेली, गुरे सोडून दिली. एक वृद्ध गृहस्थ चढावर कोसळले ते पुन्हा उठले नाहीत. पाण्याचा थेंबही आला नाही, परंतु आवईने एक बळी घेतला.

ग्रामपंचायतीचा रेडिओ सरपंचांनी टेकाडावर आणविला होता. दिवस वर आल्यावर त्यावरून बातमी आली, की धरण उभे आहे. निवेदक कोण होते हे आज सांगवत नाही, पण आवाज अजून कानात आहे. त्या आवाजात घाई नव्हती, भीती नव्हती, आणि धीर देण्याचा आवही नव्हता. तोच डबा आदल्या संध्याकाळी बाजारभाव सांगत होता आणि ते भाव खरे निघत होते, म्हणून धरणाची बातमीही खरी मानून माणसे उतरू लागली. भिंतीला वरच्या भागात तडे गेले होते आणि पुढे तिचे बळकटीकरण करावे लागले, हे खरे. पण ती उभी होती.

आमचे स्नेही त्या टेकाडावर आमच्या शेजारी बसलेले होते. पुढे ते वृत्तनिवेदक झाले याचा संबंध आम्ही त्या सकाळशी जोडला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले की आपण केंद्रावर गेलो ते बँकेच्या पगारात भागत नव्हते म्हणून. तेही खरेच असेल.

त्यांची नेमणूक नैमित्तिक. महिन्यात ठरावीक पाळ्या, पाळीप्रमाणे मानधन; पेन्शन नाही, फंड नाही. दिवसा एका सहकारी बँकेत कारकुनी. सकाळची पाळी असली की पहाटे तीनला उठणे, सायकलवरून केंद्र गाठणे, बातमीपत्र झाल्यावर घरी येऊन आंघोळ-जेवण आणि दहाला बँक. त्यांच्या पत्नीने आम्हांस सांगितले, की पाळीच्या आदल्या रात्री घरात दही, ताक, लोणचे वर्ज्य असे आणि मुलांना खोकला झाला की ते उशी उचलून ओसरीवर निजावयास जात. गवयाने गळा जपावा तसा या गृहस्थांनी तो जपला.

वृत्तविभागाची खोली म्हणजे काही मोठे प्रस्थ नव्हे. त्यांच्या आरंभीच्या काळात टेलिप्रिंटर अखंड खडखडत असे, त्यातून वृत्तसंस्थांच्या इंग्रजी तारांची भेंडोळी बाहेर पडत. जिल्ह्याजिल्ह्यांचे अंशकालीन वार्ताहर फोनवरून बातमी सांगत. ती पुष्कळदा ट्रंककॉलवर, एक वाक्य ऐकू येई आणि एक वाऱ्यात जाई. पुढे फॅक्स आला, संगणक आला, आता सारे हातातल्या फोनवर येते. परंतु मुख्य काम बदलले नाही. समोरच्या ढिगातून दहा मिनिटांचे निवडावयाचे, त्याचे मराठी करावयाचे आणि वाचावयाचे. कागद सुटे ठेवतात, टाचणी लावीत नाहीत, कारण पान उलटल्याचा आवाज ध्वनिक्षेपक पकडतो. पान संपले की ते अलगद बाजूला सरकवावयाचे. तांबडा दिवा लागला की खोलीत कोणी श्वासही मोठ्याने घेत नाही.

भाषांतराविषयी ते बोलू लागले म्हणजे आमच्यातील मास्तर जागा होतो. इंग्रजी तारेत 'कॅझुअल्टी' शब्द आला की नवखा मनुष्य 'मृत' लिहून मोकळा होतो. वास्तविक त्यात जखमीही मोडतात. त्या एका शब्दाने वीस जखमी माणसे कागदावर मरतात. अपघातात माणसे 'ठार' होतात, रोगाच्या साथीत 'दगावतात', थोरांचे 'निधन' होते. हे शब्द एकमेकांच्या जागी बसविले तर अर्थ कळतो, पण ऐकणाऱ्याच्या मनाला खडा लागतो. मृतांचा आकडा कोणी दिला हे सांगितल्यावाचून आकडा वाचावयाचा नाही, हा त्यांचा दंडक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकते निजले होते. पुढे मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी निराळा आकडा होता. अशा वेळी मोठा आकडा आधी सांगण्याचा मोह होतो, असे ते म्हणाले. "पण आकडा वाढविता येतो, मास्तर. कमी करता येत नाही. एकदा मेला म्हणून सांगितलेला मनुष्य त्याच्या आईसाठी पुन्हा जिवंत करता येत नाही."

याच धोरणाचा दुसरा भाग म्हणजे गावांची नावे. आपल्याकडे शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, शिरूर कासार बीडमध्ये आहे, शिरूर अनंतपाळ लातुरात आहे. खेड पुण्यातही आणि रत्नागिरीतही. कर्जत एक रायगडात, दुसरे पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. वडगावे तर मोजू नयेत इतकी. "शिरूरजवळ एसटी दरीत कोसळली" एवढेच वाचले तर तीन शिरुरांतल्या चुली त्या दिवशी पेटत नाहीत. म्हणून तालुका आणि जिल्हा कळल्यावाचून ते अशी बातमी वाचीत नसत. एकदा केवळ एवढ्यासाठी त्यांनी अपघाताची बातमी सकाळच्या बातमीपत्रातून काढून ठेवली आणि त्याबद्दल वरिष्ठांचे बोलणे खाल्ले. तार पुरी आल्यावर ती नंतरच्या बातमीपत्रात गेली. उशीर झाला हे खरे. परंतु उरलेल्या दोन शिरुरांत कोणी छाती पिटली नाही. अशा गोष्टीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

उच्चारांविषयीही त्यांची अशीच दक्षता. चाकणचा च निराळा, चिपळूणचा निराळा. जळगावचा ज आणि जेजुरीचा ज लिपीत एक असले तरी जिभेवर दोन आहेत. लिपी येथे मदत करीत नाही, त्या गावच्या माणसालाच विचारावे लागते. "आपल्या गावाचे नाव रेडिओवर चुकले, तर उरलेली बातमी तो मनुष्य कशाला खरी मानील?" हा त्यांचा प्रश्न आम्ही पुढे वर्गात मुलांना पुष्कळदा विचारला आहे.

इतके गुणवर्णन केल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर हा लेख इतिहास न राहता मानपत्र होईल. संयम आणि मौन यांच्यामधील रेषा आकाशवाणीला सर्वकाळ सांभाळता आली असे म्हणवत नाही. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने आकाशवाणीवरूनच ऐकली आणि त्यानंतरच्या सुमारे एकवीस महिन्यांत तिच्यावरून काय ऐकले, हे त्या पिढीला सांगावयास नको. लोक तिला 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणू लागले होते. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने त्यांच्या मृत्यूची वार्ता दिवसाच दिली. आपल्या आकाशवाणीने आणि दूरदर्शनने ती सांगावयास संध्याकाळ उजाडू दिली. आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत त्या दुपारी दोन ट्रान्झिस्टर होते. एकावर विलायत होती, दुसऱ्यावर दिल्ली. माणसे पहिल्याभोवती जमली होती. ज्या आवाजावर विसंबून आम्ही टेकाडावरून उतरलो होतो, तो आवाज त्या दिवशी मुका होता.

स्नेह्यांना आम्ही हे स्पष्टच विचारले. ते दोन वर्षांनी कामाला लागले, तेव्हा तो प्रसंग त्यांच्या अंगावरचा नव्हे. तरीही त्यांनी टाळले नाही. ते म्हणाले, "खात्री नाही म्हणून थांबणे हे आमचे काम. खात्री असून थांबणे हे आमचे काम नव्हे, ते वरून येते. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही वेळी सारखीच शांतता ऐकू येते." नभोवाणीला स्वायत्तता द्यावी असे चंदा समितीने १९६६ मध्ये आणि वर्गीज समितीने १९७८ मध्ये सुचविले. प्रसारभारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अमलात येण्यास १९९७ उजाडले. एवढ्या संथपणे झालेल्या कामाची फळे कितपत गोड निघाली, याविषयी मतभेद आहेत आणि ते राहणार.

वास्तविक या व्यवसायाने मराठीला किती आवाज दिले याची कोणी सविस्तर नोंद करावयास हवी. पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातमीपत्राशी सुधा नरवणे यांचे नाव एका पिढीने कायमचे जोडले आहे. त्यांचे चिरंजीव मनोज नरवणे २०१९ च्या अखेरीस भूदलाचे प्रमुख झाले तेव्हा तरुणांनी मुलाकडे पाहिले; वडीलधाऱ्यांना आधी आईचा आवाज आठवला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरदर्शन आले आणि आवाजाला चेहरा मिळाला. विश्वास मेहेंदळे हे तेथील मराठी बातम्यांचे पहिले निवेदक. स्मिता पाटील यांना महाराष्ट्राने प्रथम पाहिले ते चित्रपटात नव्हे, बातम्या देताना. दाढीधारी अनंत भावे बालसाहित्यिक म्हणूनही प्रसिद्ध. प्रदीप भिडे यांचा भारदस्त आवाज चार दशकांच्या आसपास घरोघर राहिला. ते २०२२ च्या जूनमध्ये गेले आणि पाठोपाठ २०२३ मध्ये मेहेंदळेही गेले. २००७ पासून मराठीत अहोरात्र बातम्या देणाऱ्या खाजगी वाहिन्या आल्या. तेथील तरुण मंडळी कष्टाळू आहेत याबद्दल आम्हांस शंका नाही. पण बातमी ओरडून सांगितल्याने अधिक खरी होत नाही, एवढे या वयात म्हणण्याची मोकळीक आम्ही घेतो.

२०२३ च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगराकडे सोपविण्याचा निर्णय झाला होता. श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी ओरड केल्यावर त्यास स्थगिती मिळाली. त्या दिवसांत आमच्या संस्थेच्या बैठकीत एका तरुण सभासदाने विचारले, की फोनवर क्षणाक्षणाला बातम्या येत असता सातच्या बातमीपत्राची गरज कोणाला? बैठकीस आमचे स्नेही उपस्थित होते. ते काही बोलले नाहीत. उत्तर दिले ते कोपऱ्यातल्या एका आजीबाईंनी. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीस महापूर आला, तेव्हा त्या लेकीकडे तेथेच अडकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फोनवर दर घटकेला धरण फुटत होते, बाबा. शेवटी आम्ही फोन मिटला नि रेडिओ लावला."

छत्तीस वर्षांत वाचलेल्या बातमीपत्रांपैकी एकही स्नेह्यांच्या संग्रही नाही. वाचून झाले की कागद केंद्राचा, आवाज वाऱ्याचा. घरी त्यांनी राखले आहे ते एकच. लांबट, बँकेच्या जुन्या खतावणीसारखी एक वही. तीत सुमारे साडेतीनशे पानांवर महाराष्ट्रातील गावांची नावे अकारविल्हे लिहिली आहेत. प्रत्येकापुढे तालुका, जिल्हा, त्याच नावाची इतर गावे आणि उच्चाराची खूण. बहुतेक नावांपुढे विचारलेल्या माणसाचा धंदाही नोंदला आहे : कंडक्टर, पोस्टमन, भाजीवाली, बँकेचा खातेदार. ही वही त्यांनी आपल्या ज्ञातिगृहाच्या वाचनालयास दिली आहे. काही पाने पावसाने भिजून पुसट झाली असून कोकण आणि खानदेशातील पुष्कळ नावांपुढे अद्याप प्रश्नचिन्ह आहे. ज्या कुटुंबांची मूळ गावे त्या बाजूस आहेत, त्यांनी आपल्या गावाचे नाव गावात कसे उच्चारतात हे ग्रंथपालांकडे येऊन सांगावे. वही रविवारी सकाळी दहा ते बारा पाहावयास मिळते. पेन्सिलनेच लिहावे, अशी स्नेह्यांची सूचना आहे.